घुमारा गेलाच नव्हता

मित्रांनो, मी एक जुना गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि बटण दाबल्याबरोबर मला बोलता येत नाही. आधी माझ्या पोटातले काचेचे व्हॉल्व्ह तापावे लागतात. त्यांच्या आतल्या तारा विझत्या निखाऱ्यासारख्या लालसर झाल्या, की अर्ध्या मिनिटाने माझा घसा मोकळा होतो. तेवढं थांबायची तयारी असेल तर माझी हकिगत ऐका.

मला एका सुताराने आणि एका रेडिओवाल्याने मिळून बनवलं. सुताराने हलक्या लाकडाची पेटी केली, कोपऱ्यांना दातेरी सांधे घातले आणि वरून काळं रेक्झिन चिकटवलं. रेडिओवाल्याने पत्र्याच्या लांबट खोक्यात ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि व्हॉल्व्ह बसवले. दोघांचं फारसं पटत नसे. सुतार म्हणायचा, "तुझ्या तारा उद्या जळतील, माझी पेटी शंभर वर्षं राहील." रेडिओवाला म्हणायचा, "राहू दे की. मग तिच्यात बायकोच्या साड्या ठेव." असे एकमेकांना टोमणे मारत त्यांनी मला पुरं केलं आणि पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा दोघेही गप्प झाले.

गप्प झाले ते माझ्या घुमाऱ्यामुळे. माझ्या तळाशी एका पिशवीत पत्र्याची उथळ टाकी असते. टाकी म्हणतात, पण तिच्यात पाणी नसतं. तिच्यात दोन लांब, बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. गिटारचा सूर त्यांच्या एका टोकाला शिरतो, हेलकावे खात दुसऱ्या टोकाला जरा उशिरा पोचतो, आपटून मागे फिरतो आणि पुन्हा येतो. हा उशिरा आलेला सूर मूळ सुरात मिसळला, की रिकाम्या मोठ्या दालनात वाजवल्यासारखं वाटतं. दुकानात याला रिव्हर्ब म्हणतात. मी घुमारा म्हणतो.

घुमारा नको असेल तेव्हा बंद करायला मला एक फुटस्विच दिला होता. म्हणजे पायाने दाबायचं बटण असलेली लोखंडी डबी आणि तिच्यापासून माझ्या पाठीपर्यंत येणारी लांब वायर. या वायरच्या मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती बारीक तारांची जाळी. बटणाने ती तार आणि जाळी एकमेकींना जोडली, की घुमारा गप्प. बटणाने त्यांना सोडवलं, की घुमारा पुन्हा सुरू. म्हणजे फुटस्विच मला घुमवत नाही, तो मला फक्त गप्प करतो. त्याचा प्लग उपटून काढला तर मला गप्प करणारं कुणीच उरत नाही आणि मी घुमत राहतो. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं समजेल.

माझी मालकीण एका हॉटेलच्या जेवणघरात रोज संध्याकाळी गिटार वाजवायची. सगळे तिला गिटारबाई म्हणत. संथ धून आली की ती पायाने बटण दाबून माझा घुमारा मोकळा करायची आणि जेवणारे लोक घास हातात धरून थांबायचे. त्या दिवसांत मी फार खूश होतो. बाईंची तारीफ झाली की त्या माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायच्या, "अर्धी याची."

माझं दुखणंखुपणं बघायला एकच माणूस होता. गल्लीत शिंप्याच्या दुकानाला लागून त्याचं दुकान होतं. गिटार वाजवणारे सगळे त्याला 'कानवाले दादा' म्हणत, कारण दादा मीटर लावायच्या आधी कान लावायचे. एकदा बाई मला टॅक्सीतून उतरवून नुसता सुरू करून उभ्या राहिल्या. दादा दारातूनच म्हणाले, "डावीकडून तिसरा." डावीकडून तिसरा व्हॉल्व्ह काढून पाहिला, तर त्याची काच आतून पांढरी पडली होती. हे बाईंनी पुढे पन्नास जणांना सांगितलं असेल. दर वेळी दादा म्हणायचे, "पुरे आता," आणि दर वेळी पुरतं ऐकून घ्यायचे.

मग हॉटेलवाल्यांनी यंत्रावर गाणी लावायला सुरुवात केली. बाई एका शाळेत संगीत शिकवू लागल्या आणि मी त्यांच्या घरी जिन्याखाली गेलो. तिथे माझ्या डोक्यावर मनीप्लांटची कुंडी आली. तिला पाणी घातलं की थोडं मलाही मिळायचं, ते नको असताना. फुटस्विचची वायर बाईंनी डबीभोवती आवळून गुंडाळली, तिला रबर लावलं आणि डबी माझ्या पाठीत कोंबली. दर काही महिन्यांनी झाडताना त्या डबी बाहेर काढायच्या, वायर सैल झालेली दिसली की आणखी आवळायच्या. व्यवस्थितपणाच्या हौसेनेच त्यांनी ते केलं. त्यांना दोष देववत नाही.

अशी अकरा वर्षं गेली. बाई निवृत्त व्हायच्या होत्या. शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी त्यांचा निरोप समारंभ होता आणि मुलांनी हट्ट धरला होता, की बाईंनी स्वतः वाजवायचं. त्यांनी कुंडी उतरवली, मला पुसलं, वायरी जोडल्या. आवाज आला, घुमारा मात्र आला नाही. बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. काहीच नाही. मंगळवारी सकाळी मी दादांच्या टेबलावर होतो.

"हिच्याशिवाय ती संथ धून वाजवता येणार नाही, दादा," बाई टाकीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "कोरडी वाटते. पाढे म्हटल्यासारखी."

"रविवार ना? शनिवारी न्या," दादा म्हणाले. मला पाहून त्यांना आनंद झाला होता. त्यांच्याकडे आताशा माझ्यासारखं फार कुणी येत नसे.

दुकानही बदललं होतं. अर्ध्या भागात दादांची लेक मोबाइल दुरुस्त करायची. दोघांची दिवसभर चेष्टा चालायची. लेक म्हणायची, "बाबा, तुमची पेटी गरम होईपर्यंत माझी एक काच बदलून होते." दादा म्हणायचे, "तुझ्या डब्यांना आवाज कुठला, नुसते थंडी भरल्यासारखे थरथरतात." त्या मंगळवारी मात्र लेक काचा आणायला बाहेर गेली होती. दादा आणि मी दोघंच होतो.

मित्रांनो, दादांनी पहिली तपासणी अगदी बरोबर केली. ती मी कधी विसरणार नाही. त्यांनी माझ्या पाठीतून फुटस्विचचा प्लग उपटून बाजूला ठेवला. घुमाऱ्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दुकानातली, दोन तारा तुटून चारच उरलेली गिटार उचलली आणि एकदाच जोरात छेडली.

घुमारा आला. अकरा वर्षांनी आला. वयामुळे जरा बारीक झाला होता, पण होता. भिंतीपर्यंत जाऊन, हेलकावत, हळूहळू विरला. माझ्या तोंडून काय निघतं ते मला कळतं, म्हणून सांगतो. दोष वायरीत होता. आवळून आवळून आतली तार आणि भोवतीची जाळी एका जागी टेकली होती आणि बटण दाबा वा न दाबा, मला गप्प करत होती. वायर काढली, मी बरा झालो. तपासणी संपायला हवी होती.

दादांनी मान तिरकी केली. शेजारच्या शिंप्याचं मशीन खडखडत होतं. त्यांनी पुन्हा छेडलं आणि डोळे मिटले. मी पुन्हा घुमलो.

"नाही," दादा म्हणाले. "म्हणजे स्विचचा दोष नाही. आतच आहे."

गिटारचा मोठा सूर त्यांना ऐकू येत होता. त्याच्यामागून येणारा बारीक, विरत जाणारा भाग त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. किती दिवसांपासून पोचत नव्हता, कोण जाणे. मी काय करू शकत होतो? तार छेडली तरच मी बोलतो आणि तारेने दिलं तेवढंच बोलतो.

मग दादांनी मला एका बाजूने दोन बोटं उचलून सोडलं. टाकीतल्या स्प्रिंगा एकमेकींवर आपटल्या आणि वीज कडाडल्यासारखा आवाज झाला. तो त्यांना ऐकू आला. त्यांनी स्वतःशीच हिशेब मांडला: टाकीतून बाहेर येणारी वाट मोकळी आहे, तेव्हा टाकीत जाणारीच अडली असणार. विचार चोख होता. फक्त ज्या पायरीवर तो उभा होता, ती पायरीच तिथे नव्हती.

त्यांनी टाकीला सूर पोचवणारा व्हॉल्व्ह बदलला. छेडलं. मी घुमलो. "नाही," दादा म्हणाले.

बुधवारी त्यांनी मला उलटं केलं, कपॅसिटरमधली साठलेली वीज काळजीपूर्वक काढून टाकली आणि टाकीचा छोटा ट्रान्सफॉर्मर बदलला. एक हात खिशात ठेवून ते मोजमाप घेत होते. चालू यंत्रात एकच हात घालायचा म्हणजे झटका छातीतून जात नाही, ही त्यांची तरुणपणापासूनची शिस्त. मोजमापं सगळी बरोबर आली. छेडलं. मी घुमलो.

"नाही."

लेक तिच्या बाजूला भिंग लावून बसली होती. तिला वाटत होतं, बाबा मला आणखी चांगलं करतायत. कामात मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे, म्हणून ती गप्प होती. दोनदा तिने नुसतं म्हटलं, "बाबा, फोन," आणि दोन्ही वेळा उठून तो स्वतःच घेतला. याची तिला सवय झालेली दिसत होती.

गुरुवारी दादांनी टाकीच बाहेर काढली. टाकीच्या टोकाशी तारेचं छोटंसं वेटोळं असतं आणि त्याची केसाहून बारीक तार बाहेरच्या जोडणीपर्यंत आलेली असते. दादांना वाटलं, तिथला झाळलेला सांधा सुटला असेल. त्यांनी झाळायची तापलेली कावी लावली. हात जरा जास्तच दाबला गेला, कारण तीन दिवसांत ते वैतागले होते. ती केसाएवढी तार तुटली. आवाजही झाला नाही.

त्यांनी टाकी परत जोडली, गिटार छेडली. या वेळी खरंच काही आलं नाही. कोरडा सूर निघाला आणि तिथल्या तिथे संपला.

"नाही," दादा म्हणाले, तसेच, त्याच सुरात. त्यांच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. माझ्या लेखी सगळं संपलं होतं.

लेकीने डोकं वर केलं. "बाबा, घुमारा का बंद केलात?"

"बंद कुठे केला? तो मंगळवारपासून बंदच आहे."

"नाही हो. आत्तापर्यंत येत होता की. मंगळवारी मी काचा घेऊन आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी ऐकू येत होता मला. म्हटलं, बाबांनी दोन तासांत उरकलं."

दादांनी हळूच टाकी उलटी केली, डोळ्याला भिंग लावलं आणि तुटलेली तार पाहिली. बराच वेळ पाहिली.

"तुला वाटलं असेल," ते म्हणाले.

"बाबा, घरी टीव्ही लावता तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक बातम्या ऐकतात."

"हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

"मीसुद्धा?"

तिचा प्रश्न त्यांना ऐकू आला होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी कावी बंद केली आणि त्या दिवशी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

शुक्रवारी ते लवकर आले. फळीवरच्या एका निकामी अ‍ॅम्प्लिफायरमधून त्यांनी दुसरी टाकी काढली आणि माझ्यात बसवली. मीटर लावून पाहिलं, काटा हवा तिथे गेला. फुटस्विचची वायर टेबलावर सरळ पसरून मोजली. सरळ ठेवल्यावर तीही बरोबर दाखवत होती. गिटार त्यांनी उचललीच नाही. लेकीला एकदा "इकडे ये" एवढंच त्यांनी म्हणायला हवं होतं, पण ते त्यांच्याने झालं नाही. चाळीस वर्षं ज्यांच्याकडे लोक विचारायला येत होते, ते आता कुणाला विचारणार? तो दिवस मी त्यांच्या टेबलावर बंद अवस्थेत काढला. जिन्याखाली सगळी वर्षं कुंडी डोक्यावर घेऊन राहिलो, तेव्हाही इतकं जड वाटलं नव्हतं.

शनिवारी बाई आल्या.

"झालं?"

"टाकी गेली होती," दादा म्हणाले. "दुसरी घातली."

लेकीचे हात एका मोबाइलवर होते. ते थांबले.

बाईंनी स्वतःची गिटार जोडली, फुटस्विच जोडला, डबी पायाशी ओढली. वायर जराशी वाकली. त्यांनी छेडलं. कोरडं. बटण दाबून छेडलं. कोरडंच. त्यांनी दादांकडे पाहिलं, दादा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आता मला कळतं, ते चेहऱ्यावरून वाचायचा प्रयत्न करत होते.

"दादा, नाही येत अजून."

दादांनी माझ्याकडे हात नेला आणि कुठे लावायचा ते न कळून तो तसाच ठेवला. तेव्हा लेक उठली. माझ्या मागे बसून तिने फुटस्विचचा प्लग उपटला आणि बाईंना मानेने खूण केली. बाईंनी छेडलं. घुमारा दुकानभर पसरला. लेकीने प्लग परत घातला आणि वायर बोटांतून सरकवत गेली. एका जागी ती वाकवली की घुमारा जायचा, सोडली की यायचा.

"इथे आहे," ती म्हणाली. "आवळून आतली तार जाळीला टेकतेय."

"अगं बाई, ती तर मीच आवळायचे," गिटारबाई म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे टाकी गेली नव्हती?"

लेक घाईघाईने म्हणाली, "तशी टाकीपण जुनीच होती, मावशी, आज ना उद्या—"

"थांब," दादा म्हणाले. ते स्टुलावर बसले. "नव्हती गेली. मी तोडली. मंगळवारी हा प्लग मी सगळ्यात आधी काढला होता, बाई. तेव्हा हा घुमला असणार. पोरगी म्हणते गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होता. मी इथे हातभर अंतरावर होतो आणि मला ऐकू आला नाही. म्हणून मी याला उघडत गेलो, उघडत गेलो, आणि चांगली वस्तू मोडली."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं. टाकीबद्दल विचारत नव्हत्या.

"काय माहीत. तुम्ही सगळे मला कानवाले म्हणता. मी कुणाला विचारायचं?"

यावर बाईंनी त्यांची समजूत घातली नाही. त्या खाली वाकून वायर उलगडत बसल्या. लेकीने कातर आणली. दादांनी वायरीचा खराब तुकडा कापून टाकला, दोन्ही टोकं सोलली, तार तारेला आणि जाळी जाळीला अशी वेगवेगळी जोडली आणि मध्ये चिकटपट्टी गुंडाळली. त्यांचे हात अजून पूर्वीसारखेच चालत होते. हे पाहून मला बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही.

"घुमारा किती ठेवू?" बाईंनी विचारलं. हे त्या नेहमी दादांना विचारायच्या आणि दादा हात लांब करून बटण फिरवायचे.

"हिला विचारा," दादा म्हणाले.

लेक गांगरली. तिने बटण धरलं, थोडं फिरवलं, थांबली, थोडं मागे घेतलं. "इतका?"

बाईंनी संथ धुनेच्या दोन ओळी वाजवल्या. नवी टाकी जरा पत्र्यासारखी वाजते, मित्रांनो, आणि तिचा घुमारा लवकर विरतो. मला ते माहीत आहे आणि बाईंच्याही लगेच लक्षात आलं.

"आधीचा खोल होता," त्या म्हणाल्या.

"होता," दादा म्हणाले. "याच्यापेक्षा कितीतरी."

रविवारी मी शाळेच्या सभागृहात वाजलो. मुलांना फरक कळला नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा दुसऱ्या रांगेत लेकीशेजारी बसले होते. संथ धून संपली तेव्हा शेवटच्या सुराचा घुमारा अजून हवेत होता आणि दादांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. लेकीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ते थांबले आणि इतरांचे हात वर येण्याची वाट पाहत राहिले.

आता मी पुन्हा बाईंच्या घरी आहे, पण जिन्याखाली नाही. मुलं शिकायला येतात, मी रोज तासभर बोलतो. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल तर एवढं करा. वायर हातभर मोठ्या, सैल वेटोळ्यात ठेवा. प्लग काढताना वायर ओढू नका, प्लगच धरा. डोक्यावर कुंडी ठेवू नका. घुमारा गेला तर आधी फुटस्विच काढून ऐका, आणि एकट्याने ऐकू नका. शेजारी बसलेल्याला विचारा, तुला काय ऐकू येतं. तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवू लागलं असेल, कुणी फोनकडे वळून बघत नसेल, तर हसू नका, आणि मनात ठेवून स्वतःच उठून फोन घेत बसू नका. त्या माणसाला सांगा. ज्याच्या कानांचं हे होतं, त्याला ते सगळ्यात शेवटी कळतं, आणि तोवर त्याने काय काय उघडून मोडलेलं असतं.

मागच्या महिन्यात मला व्हॉल्व्ह बदलायला दुकानात नेलं होतं. दादांनी आता कानामागे छोटं यंत्र लावलं आहे. ते त्यांना आवडत नाही, शिट्टी वाजते म्हणतात. माझी मोडलेली टाकी त्यांनी फेकलेली नाही. काम नसलं की ती पुढ्यात घेतात, लेक भिंग धरते आणि ते केसाएवढी तार परत जोडायचा प्रयत्न करतात. जोडून झाली की टाकी एका अ‍ॅम्प्लिफायरला लावतात, गिटार छेडतात आणि लेकीकडे बघतात. ती मान हलवते, नाही. मग ते तार सोडवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.